बरं असताना या

सरांचा दवाखाना रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होता. मुलांचा डॉक्टर असून जिना चढायला लावतो म्हणून लोक नावं ठेवत. खालची जागा मध्ये रिकामी झाली होती, मालकाने आपणहून विचारलंही, पण सरांनी ती घेतली नाही. दवाखान्याच्या वेळेला ते आत खुर्चीत सापडतच नसत. जिन्याच्या वरच्या टोकाला कठड्याला टेकून, खिशातले शेंगदाणे तोंडात टाकत उभे असायचे आणि खालून कोण कसं चढतंय ते बघायचे. मूल वर पोचेपर्यंत त्यांची निम्मी तपासणी झालेली असे.

"हा कडेवर का?" ते वरूनच ओरडत.

"धाप लागते हो डॉक्टर त्याला."

"म्हणून तर म्हणतो. खाली उतरवा. सावकाश येऊ दे, थांबत थांबत. मला बघायचंय कुठल्या पायरीला थांबतो."

काही आया तिथूनच रागाने परत जात. काही वर येत. ज्या येत त्यांची मुलं मग वर्षानुवर्षं येत राहात.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. हातात नवी डिग्री होती आणि शहरात कुणी ओळखीचं नव्हतं. सासऱ्यांच्या एका स्नेह्यांनी सरांचं नाव सुचवलं, पण सुचवताना सांगितलं, "माणूस विद्वान आहे. जरा चक्रम आहे, एवढंच."

पहिल्या दिवशी मी साडी नीट चापूनचोपून, पांढरा कोट घालून गेले. सर मागच्या अंगणात पपईच्या झाडाखाली उभे होते. त्यांनी पपईचं एक पान तोडलं, पातं काढून टाकलं आणि त्याचा पोकळ देठ विळीवर बोटभर लांबीचा कापून माझ्या हातात दिला.

"बाई, हे तोंडात धरा. ओठ घट्ट. नाक दाबा. आता जिना चढा."

मला वाटलं थट्टा आहे. पण ते हसत नव्हते. मी नाक दाबून, ओठांत देठ धरून जिन्याकडे गेले. चढताना अर्ध्यावरच डोळ्यांपुढे अंधारी आली. नळीतून हवा येत होती, पण पुरत नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे आत गेलेली बाहेर निघत नव्हती. मी देठ फेकून दिला आणि पायरीवर बसले.

"तुम्हाला फेकता आला," सर म्हणाले. "चला, आत पेशंट आहेत."

ही त्यांची परीक्षा फक्त माझ्यासाठी नव्हती. 'पोरगं नाटक करतं, शाळा बुडवायला खोकतं' असं जो बाप म्हणेल त्याला ते पपईखाली नेत. एका पोलीस हवालदाराला त्यांनी गणवेशात जिना चढायला लावलेला मी पाहिला आहे. हवालदार वर आला, टोपी काढली आणि मुलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. त्यानंतर त्या मुलाबरोबर नेहमी तोच यायचा.

त्या काळात दमा हा शब्द मुलांच्या बाबतीत कुणी उच्चारत नसे. डॉक्टर लोक 'ॲलर्जी' म्हणत, 'छातीत कफ' म्हणत, 'वयात आला की जाईल' म्हणत. मुलगी असेल तर आणखीच हळू बोलत. सर पहिल्याच भेटीत, मुलाच्या समोर, स्पष्ट सांगत: "तुला दमा आहे. हा आजार तुझा आहे, तेव्हा तो तुलाच नीट माहीत पाहिजे." आई रडायला लागली तर तिला रडू देत. मग मुलाकडूनच पाढे म्हणवून घेत, आणि एका श्वासात कुठपर्यंत जातो ते ऐकत. "आज बेचा पाढा पुरा झाला ना? ज्या दिवशी मध्येच तुटेल त्या दिवशी आईला सांगायचं, छातीत शिट्टी वाजायची वाट बघायची नाही." गल्लीतल्या शिकवणीच्या मास्तरांपेक्षा आमच्याकडे पाढे जास्त म्हटले जात.

आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "बरं असताना या."

हे वाक्य लोकांना सगळ्यात विचित्र वाटे. बरं असताना डॉक्टरकडे कोण जातं? धाप लागली की यायचं, इंजेक्शन घ्यायचं, तासाभराने मोकळं वाटलं की घरी जायचं, पुन्हा धाप लागेपर्यंत डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, हा सगळ्यांचा रिवाज होता. सर इंजेक्शन देत, नाही असं नाही. पण देऊन झालं की म्हणत, "आजचा दिवस निभावला. हे उपचार नव्हेत. आता पोरगं खेळायला लागलं, हसायला लागलं, की घेऊन या. तेव्हा आपण काम करू." त्यामुळे आमच्या बाहेरच्या खोलीत बहुतेक वेळा धडधाकट पोरं बाकांवरून उड्या मारत असत. समोरचा कापडदुकानदार मला एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्या डॉक्टरांकडे आजारी माणूस दिसत नाही कधी. चालतं कसं हो?"

बरं असलेल्या मुलाला ते पंप, म्हणजे तोंडाने ओढायचं दम्याचं औषध, घेऊन दाखवायला लावत. प्रत्येक वेळी, तो दोन वर्षं पंप घेत असला तरी. मी पहिल्यांदा घेऊन दाखवला तेव्हा त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. पंप दाबला तसा माझ्या तोंडातून पांढरा धूर बाहेर आला. "हे औषध आरशाला मिळालं," ते म्हणाले. "तुम्ही डॉक्टर. तुमची ही गत, तर सहा वर्षांच्या पोराचं काय?" लहान मुलांसाठी त्यांनी स्वतःच युक्ती काढली होती. प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यायची, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक तापल्या सळईने पाडायचं, त्यात पंप बसवायचा आणि मुलाने बाटलीच्या तोंडाला तोंड लावून नुसता संथ श्वास घेत राहायचं. औषध बाटलीत थांबतं, मूल आपल्या सवडीने ओढून घेतं. असल्या बाटल्या परदेशात तयार मिळतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आमच्याकडे त्या शेंगदाणा तेलाच्या होत्या. कितीही धुतल्या तरी थोडा वास राहायचाच.

"पंपाची सवय लागते म्हणतात," असं दर दुसरी आई म्हणे.

"लागते. चष्म्याची लागते तशी. तुमच्या मालकांना चष्मा आहे? तो काढून सीबीएसवर बस शोधायला पाठवा एकदा."

सर लोकांच्या घरी जात तेही बोलावल्याशिवाय. दार उघडलं की नाक वर करून आधी वास घेत, मग चप्पल काढत. गाद्या उलटून बघत, कोनाड्यात हात घालत, न्हाणीघराच्या भिंतीवर ओल आहे का ते तळव्याने तपासत. पंचवटीत एका गुरुजींच्या नातवाला रोज संध्याकाळी शिट्टी वाजायची. सर गेले ते बरोबर दिवेलागणीला. एवढ्याशा खोलीत धुपाटणं धुमसत होतं, आणि नातू त्याच खोलीत गृहपाठ करत होता. सरांनी धूप बाहेर ओट्यावर न्यायला सांगितला. म्हातारे गुरुजी भडकले. "देवाला धूप नको?"

"देवाला द्या की. देवाला दमा नाही. नातवाला आहे."

धूप ओट्यावर गेला. पण सरांच्या स्वतःच्या घरी माजघरात सकाळ-संध्याकाळ अगरबत्त्यांचा जुडगा जळे. मी एकदा बोलून गेले, तर सरांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "माझ्या घरात कुणाला दमा नाही. यांच्या पेशंटांचे नियम मी पाळणार नाही." सर मुकाट्याने भाताचा घास तोंडात घालत राहिले.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा होता. वर्षभर ठीक असायचा आणि थंडीत ठरावीक दिवसांत आडवा पडायचा. तीन डॉक्टर झाले होते. सर स्कूटरवर बागेत गेले ते परत आले अंगभर पिवळे होऊन, खोकत. बागेवर गंधकाची भुकटी धुरळायचं काम चालू होतं आणि हे मधोमध जाऊन उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी शेतकरी मुलाला घेऊन आला.

"धुरळणीच्या दिवसांत याला मामाच्या गावी ठेवा," सरांनी सांगितलं. "आणि रोजचा पंप तिथेही न्यायचा."

"एवढंच व्हय?" शेतकरी म्हणाला. "आधी कोणी इचारलंच नाय, की तुमच्या बागंत काय चाललंय म्हनून."

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की सर फार प्रेमळ होते. तसं नव्हतं. ते तुसडे होते. कुणाची ख्यालीखुशाली विचारत नसत. औषधविक्रीच्या प्रतिनिधीला त्यांनी जिन्यातूनच परत पाठवलेलं मी अनेकदा पाहिलं. बिडीचा वास असलेल्या माणसाला ते खोलीत येऊ देत नसत, आणि स्वतः मात्र दुपारी तपकीर ओढून सटासट शिंका देत. मला त्यांनी कधी 'छान केलंत' म्हटलं नाही. चुकलं तर मात्र पेशंटसमोर बोलत.

पण स्वतःचंही पेशंटसमोरच बोलत, आणि हे मी दुसऱ्या कुठल्या डॉक्टरच्या बाबतीत पाहिलं नाही. नवीन मूल आलं की सगळं सांगून झाल्यावर ते आईबापांना एक गोष्ट सांगत. सुरुवातीच्या काळात ते घोटीच्या पलीकडे एका गावात प्रॅक्टिस करत होते. तिथे एका मुलाला सकाळपासून धाप लागली होती. त्यांनी इंजेक्शन दिलं. दुपारी पुन्हा छातीला नळी लावली तर शिट्टी ऐकू येत नव्हती. मूल निपचित पडलं होतं. त्यांना वाटलं, उतरलं. आईला म्हणाले, "शांत झालंय, झोपू दे." शिट्टी थांबली होती ती हवाच आत जात नव्हती म्हणून. दिवस मावळायच्या आत मूल गेलं.

"ते मूल मी घालवलं," सर सांगत, जसं पत्ता सांगावा तसं. "तेव्हा लक्षात ठेवा. पोर धापेत असताना एकदम शांत झालं, बोलेनासं झालं, ओठ काळसर दिसले, तर देव आठवू नका, शेजारी बोलवू नका. रिक्षात घाला आणि मोठा दवाखाना गाठा. माझ्याकडेसुद्धा थांबू नका."

ही गोष्ट ऐकून काही लोक पुन्हा येत नसत. मूल घालवलेल्या डॉक्टरकडे कोण येणार? मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, लक्षणं सांगितली तरी पुरे आहे. बाकीचं कशाला सांगता?"

"लक्षणं विसरतात लोक," ते म्हणाले. "हे विसरत नाहीत."

आता सुजाताबद्दल सांगते. सरांची आठवण निघाली की मला शेवटी तीच आठवते.

सुजाता आठवीत असल्यापासून आमच्याकडे यायची. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते, नाशिकरोडच्या बाजूला कॉलनीत राहायचे. वडील बाबासाहेबांचं नाव घेऊन मुलींना शिकवणारे, कडक, शब्दाला पक्के. आई कमी बोलायची, पण पंपाची वेळ कधी चुकू द्यायची नाही. तेव्हा रोजचा पंप, म्हणजे धाप लागूच नये म्हणून घ्यायचा, नुकताच मिळू लागला होता. मुंबईहून मागवावा लागे. सुजाताला तो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा होता. वर्षभरात तिची धाप इतकी कमी झाली की ती शाळेत खो-खो खेळायला लागली, आणि नुसती खेळायला लागली नाही, तर नववीत संघात निवडली गेली.

स्पर्धेसाठी शाळेने डॉक्टरचा दाखला मागितला. सरांनी लिहिलं: हिला दमा आहे. औषध चालू आहे. ही खो-खो खेळू शकते. खेळण्याआधी धापेचा पंप घेईल. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि तिचं नाव कापलं.

वडील संध्याकाळी आले. संतापले होते, पण आवाज खालीच होता. "साहेब, सर्दीचा त्रास असं लिहून द्या. माझ्या मुलीने कष्टाने मिळवलंय ते."

"खोटं लिहिलं तर मैदानात धाप लागल्यावर ते लोक तिला विक्स चोळतील," सर म्हणाले. "दाखला बदलणार नाही. मीच शाळेत जातो."

ते खरंच गेले. मुख्याध्यापिकांना काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण जिन्याचं आणि पपईचं काहीतरी झालं असावं, कारण त्या बाई पुढे बरेच दिवस सरांना बघितलं की पदर सावरून आत जात. ठरलं ते असं: सरावाला डॉक्टर हजर असले तर मुलगी खेळेल. मग सर सकाळी दवाखान्याआधी रोज शाळेच्या मैदानावर जाऊन उभे राहू लागले. शनिवारी सकाळची शाळा असे, त्या दिवशी मीही जायची. ड्रिलचे सर आधी वैतागले. मग त्यांनाच त्यात गोडी वाटायला लागली. मुलीने आधी पंप घ्यायचा, थोडं थांबायचं, हळूहळू अंग गरम करायचं, मग पळायचं. ड्रिलचे सर हे सगळ्याच मुलींकडून करून घ्यायला लागले, पंप सोडून.

दर वेळी सर विचारत, "रोजचा पंप घेतेस ना?"

"हो," सुजाता म्हणे.

आई कधी बरोबर असली तर ती सांगे, "रोज घेते. न्हाणीघरातून मला आवाज येतो ना."

डिसेंबरातला शनिवार होता. नाशिकची थंडी, मैदानावर कोरडी धूळ. दोन संघ पाडून सामना चालला होता. सुजाता पाठलागाच्या बाजूला ओळीत उकिडवी बसली होती. मागून एका मुलीने तिच्या पाठीवर थाप मारून 'खो' दिला. सुजाता उठली नाही. ती मुलगी पुन्हा ओरडली, "खो! अगं, उठ ना!" बाकीच्या हसल्या. सुजाता दोन्ही हात जमिनीला टेकून तशीच बसून होती.

सर माझ्या शेजारी उभे होते. ते पळायला लागलेले मला आधी दिसले आणि मग कळलं काय झालंय ते. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस धोतर घालणारा असता तर पडला असता, असा पळाला.

आम्ही तिला वाकवून बसवलं. बाटलीतून पंप दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. तिला एक शब्द बोलता येत नव्हता. गळ्याचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. सरांनी दंडात इंजेक्शन दिलं. आजूबाजूला मुली रडत होत्या. ड्रिलच्या सरांनी तिच्या छातीजवळ कान नेला आणि सुटल्यासारखं म्हणाले, "आवाज कमी झाला डॉक्टर. उतरतंय."

सरांनी नळी लावली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी नळी कानातून काढली आणि म्हणाले, "उतरत नाहीये. रिक्षा. आत्ता."

रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. सर पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धे बाहेर लटकत बसले होते आणि रस्त्यातल्या सायकलवाल्यांना हाताने बाजूला सारत होते. हॉस्पिटलात ऑक्सिजन लागला, शिरेतून औषधं सुरू झाली. सर तिच्या पायाशी उभे राहिले ते हलले नाहीत. दुपारी बऱ्याच वेळाने तिच्या छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागली. त्या घरघरीइतका आनंद आयुष्यात मला कशाचाच झाला नाही. मी बघितलं, सर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते.

व्हरांड्यात तिचे वडील आले ते थेट सरांच्या अंगावर. "तुम्ही खेळ म्हणालात! तुम्ही जबाबदारी घेतली होती! शाळा नको म्हणत होती, तुम्ही भांडून तिला मैदानात नेलंत!" लोक जमले. सर ऐकत उभे राहिले. एकदाही त्यांनी 'पण' म्हटलं नाही.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "काहीतरी माझं बघायचं राहिलंय. काय ते मला शोधू द्या."

दोन दिवसांनी ती उशीला टेकून चहात बिस्किट बुडवून खात होती तेव्हा सर आले. आईवडील खाटेजवळ बसले होते. सर म्हणाले, "तुम्ही दोघं बाहेर थांबा."

वडील उठले नाहीत. "मुलीला एकटीला काय विचारायचंय?"

"एकटी नाही. या बाई आहेत. मला मुलीचं बोलणं ऐकायचंय, तुमचं नाही."

आईने वडिलांच्या हाताला धरलं आणि ते बाहेर गेले. सर स्टूल ओढून बसले.  खिशातून शेंगदाणे काढून तिच्यासमोर धरले, तिने दोन घेतले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"रोजचा पंप सगळ्यांचाच राहतो. माझ्याच्याने इतकी वर्षं बीपीची गोळी रोज घेणं होत नाही. तुझा आठवड्यात साधारण किती वेळा राहतो?"

सुजाताने खाली बघत दाण्याचं साल काढलं. मग म्हणाली, "घेतच नाही."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि आईला आवाज येतो तो?"

"खिडकीतून बाहेर दाबते."

मी दचकले. सरांनी नुसती मान हलवली. "का गं?"

ती हळूहळू बोलायला लागली. वर्गातल्या मुलींनी तिचा पंप पाहिला होता, तिला 'पिचकारी' म्हणत होत्या. आधी शाळेत नेणं बंद केलं, मग घरीही घ्यावासा वाटेना. "आणि सर, तो घेतला तरी काही वाटत नाही. नाही घेतला तरी काही वाटत नाही. धापेच्या पंपाने लगेच मोकळं होतं. हा नुसता कडवट लागतो. मला वाटलं मी बरी झालेय."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही 'घेतेस ना?' विचारायचात. त्याला 'नाही' कसं म्हणायचं?"

सरांनी हातातले शेंगदाणे परत खिशात टाकले.  मग ते म्हणाले, "हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं मला." पुढे विचारलं, "दिवसातून दोनदा जमत नाही, ठीक. कधी जमेल?"

"झोपताना. दात घासायच्या आधी. तेव्हा कुणी नसतं."

"मग तेव्हाच घे. नंतर दात घास, चूळ भर. दोन्ही वेळचं तेव्हाच घेऊ. आणि राहिला तर राहिला म्हणून सांग. रागावणार नाही. रागावलो तर या बाईंना सांग."

बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"ते तिचं आहे. ती सांगेल तेव्हा सांगेल. चूक माझी होती, मी नीट विचारलं नव्हतं."

वडिलांना ते पटलं नाही. त्यांनी सरांकडे बघितलंही नाही. गावात बोभाटा झालाच: डॉक्टरने हट्टाने पोरीला मरणाच्या दारात नेलं. त्या हिवाळ्यात आमच्या बाकांवर उड्या मारणारी पोरं निम्म्याने कमी झाली. सर जिन्यावर उभे राहात आणि कुणी आलं नाही तर आत येऊन तपकीर ओढत.

पण त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. बारा वर्षांवरच्या मुलाला तपासताना आईबाप थोडा वेळ बाहेर, मी आत. यावरून रोज भांडणं होत, एकदा तर एका काकांनी पोलिसात जाईन म्हणून धमकावलं. सर त्यांना म्हणाले, "जा, तिथले एक हवालदार आमच्या ओळखीचे आहेत." आणि 'घेतेस ना?' हा प्रश्न दवाखान्यातून हद्दपार झाला. माझ्या तोंडून चुकून निघाला की ते टेबलावर पेन आपटत. नव्या प्रश्नाने आम्हाला काय काय कळलं! एक मुलगा धाकट्या भावाला पंपाचं नळकांडं गाडी म्हणून खेळायला द्यायचा. एकीची आजी पंप गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडून आली होती. एक पंधरा वर्षांचा दांडगा मुलगा गच्चीवर विड्या ओढत होता, आणि ते त्याने सांगितलं ते सर न ओरडल्यामुळे. सरांचा जबडा मात्र त्या वेळी इतका आवळला होता की मला भीती वाटली.

संक्रांतीनंतर एके दिवशी सुजाताची आई जिना चढून आली, मागे सुजाता. सर कठड्याशी उभे होते. आई म्हणाली, "तिनं सांगितलं मला सगळं. मी आपली आवाजावर विश्वास ठेवून बसले होते." मग म्हणाली, "यांना अजून राग आहे. पण मी आणणार तिला."

"कशी आहे?" सरांनी सुजाताला विचारलं.

"बरी आहे."

"मग आलीस ते चांगलं केलंस."

पुढच्या वर्षी ती दहावीत गेली. दहावीत कुणी खेळतं का, असं सगळे म्हणत होते, पण तिने वडिलांना काय सांगितलं कोण जाणे, दाखला मागायला वडीलच आले. सरांनी तोच दाखला लिहिला, पहिलं वाक्य तेच. या वेळी मुख्याध्यापिकांनी सही केली.

सामना दुसऱ्या एका शाळेच्या मैदानावर होता. सर आणि मी कडेला उभे होतो. सुजाताचे वडील आमच्याकडे न येता पलीकडे कुंपणापाशी, हात मागे बांधून थांबले होते. सुजाता पळतीच्या बाजूला होती. ती खूप वेळ टिकली. खांबाला हुलकावणी देऊन वळली, ओळीतून आत-बाहेर झाली, पाठलाग करणाऱ्या दोन मुली धुळीत पडल्या. शेवटी तिला एकीने पाठीवर हात लावून बाद केलं. ती मैदानाबाहेर आली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. खांदे वरखाली होत होते, तोंड उघडं, केस कपाळाला चिकटलेले. पलीकडे वडील कुंपणाची तार ओलांडायला लागले होते. मी बॅग उघडली.

सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते तिच्या गळ्याकडे, ओठांकडे, बरगड्यांकडे बघत होते. तेवढ्यात शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं आणि सुजाताने मान वर करून तिला एक लांबलचक वाक्य सलग ऐकवलं, त्यात दोन शिव्याही होत्या.

"राहू द्या, बाई," सर म्हणाले. "नुसती दमलीय ती."